संगीत नाटकाला नेमकं कुठे बसावं? (सोबत आई-बाबा आणि आठ वर्षांची लेक)

मंजिरी_शरणपूर

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आपल्या नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात 'सौभद्र' लागतंय असं कळलंय. आईचा जीव संगीत नाटकात, त्यामुळे दोघांना घेऊन जायचं नक्की आहे. आता प्रश्न जागांचा. घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो पैसे मोजतोच आहोत तर पहिल्या दोन रांगांत बसू. मला वाटतं सातवी-आठवी रांग, मधोमध. शेजारच्या काकू शपथेवर सांगतात की गाणं ऐकायचं तर बाल्कनी, आणि वर पैसेही वाचतात.

अडचणी अशा: आईचे गुडघे बोलतात. बाबांना दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. लेक आठ वर्षांची, पुढे कुणी उंच बसलं की तिला फक्त टक्कल दिसतं.

गद्य नाटकाला आपण जिथे बसतो तिथेच बसायचं, की गाण्यांसाठी हिशेब वेगळा असतो? अनुभवींनी सांगा.

रविवार_कारंजा

पहिली रांग तुम्हाला कोण देतंय? ती 'निमंत्रितांसाठी राखीव' असते. निमंत्रित येत नाहीत आणि आपण मागून रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी बघत नाटक पाहतो.

नंदू_नाशिकरोड

येतात की! नांदी संपायच्या आत येतात, मध्यंतरात नारळ-शाल घेऊन जातात.

ध्वनिवाला

मंजिरीताई, मी बरीच वर्षं नाटकांचं साउंड करतो, त्यामुळे माझं मत कानाच्या बाजूने झुकलेलं आहे असं समजूनच वाचा.

पहिला प्रश्न सीटचा नाहीच, नाटक कशावर वाजतंय याचा आहे. संगीत नाटकाच्या तीन तऱ्हा हल्ली दिसतात. एक, जुन्या वळणाची: समोर किंवा विंगेत (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला) पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायची पेटी, आणि तबला, नट खरंच गातात. दोन, जिवंत गाणं पण मागे की-बोर्ड, ऱ्हिदम मशीन वगैरे. तीन, सगळं संगीत ट्रॅकवर, नट त्यावर गातात. तिसऱ्या प्रकारात तुम्ही जे ऐकता ते सगळं स्पीकरमधून येतं. म्हणजे स्पीकरच्या हिशेबाने बसायचं. पहिल्या प्रकारात मात्र खरा आवाज आणि स्पीकरचा आवाज दोन्ही येतात, आणि तिथेच गंमत असते आणि गोंधळही.

बहुतेक नाट्यगृहांत मुख्य स्पीकर रंगमंचाच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांना असतात आणि त्यांचा मारा सभागृहाच्या मध्याकडे असतो. पहिल्या दोन-तीन रांगांत मधोमध बसलात तर तो आवाज तुमच्या डोक्यावरून मागे जातो. तुमच्या वाट्याला कच्चा गळा, तबल्याची थाप आणि बऱ्यापैकी घुंगरं. त्याच रांगांत कडेला बसलात तर एकच स्पीकर कानात ओरडतो आणि अर्जुन रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून गात असला तरी आवाज तुमच्या शेजारच्या भिंतीतून येतो. याचं कारण साधं आहे. आवाज आधी जिथून पोचतो, तिथूनच तो आला असं मेंदू धरतो. म्हणून कडेच्या सीटपेक्षा दोन रांगा मागची मधली सीट केव्हाही चांगली.

माझा ठोकताळा: सहावी ते बारावी रांग, मधला पट्टा. आणि मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज मिसळायचं यंत्र) सभागृहातच मांडलेला असेल तर मिक्सरवाल्याच्या दोन रांगा पुढे. तो स्वतःच्या कानाला बरं लागेल असंच मिसळतो ना!

मेघमल्हार

बारावीत बसून सुभद्रेचा चेहरा दिसेल का? डोळे मिटून ऐकायचं तर घरी रेकॉर्ड लावावी की.

ध्वनिवाला

बारावी रांग म्हणजे साधारण तेरा-चौदा मीटर. चेहऱ्यावरचे बारकावे वीस मीटरच्या आसपास हरवायला लागतात. बारावीपर्यंत चिंता नाही. वीस मीटरपुढे हातवारे दिसतात, भुवया नाही.

पायपेटी_प्रेमी

ध्वनिवाले, आदर आहे पण हे सगळं माइक आल्यानंतरचं शास्त्र. संगीत नाटक हे समोर बसून बघायचं प्रकरण आहे. माझं मत ठाम: दुसरी-तिसरी रांग, आणि साथीदार ज्या बाजूला बसले असतील त्याच्या विरुद्ध बाजूला.

का ते सांगतो. गाणारा नट साथीदाराकडे बघतो. तान कुठे संपवायची, समेवर कधी यायचं, एक आवर्तन अजून घ्यायचं की नाही हे नजरेने ठरतं. साथीदार उजवीकडे असले तर नटाचा चेहरा गाताना अर्धा उजवीकडे वळतो. तुम्ही उजवीकडे बसलात तर तुम्हाला तो सगळा व्यवहार आरपार दिसत नाही, पण डावीकडून नटाचा चेहरा आणि तबलजीचे हात एका चौकटीत येतात. मी एका प्रयोगात पाहिलंय, रंगात आलेल्या नटाने तिसऱ्यांदा तोच अंतरा उचलला, तबलजीने मान खाली घालून हसू दाबलं आणि ठेका दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, नेला. मागे बसलेल्यांना फक्त लय वाढलेली कळली. हे आठव्या रांगेतून दिसणार नाही.

गळ्याची शीर कशी फुगते हेही बघायचं असतं राव!

रविवार_कारंजा

गळ्याची शीर बघायची तर डॉक्टर व्हायचं होतं.

तिसरी_घंटा

पायपेटीकाका, उलट नाही का होणार? नट उजवीकडे वळला तर उजवीकडच्या प्रेक्षकाला त्याचा पूर्ण चेहरा दिसेल, डावीकडच्याला कान.

पायपेटी_प्रेमी

नट पूर्ण वळत नाही हो, शरीर समोर, नजर उजवीकडे. उजव्या कोपऱ्यात बसाल तर साथीदार तुमच्या जवळ येतात खरे, पण खड्ड्यात किंवा विंगेच्या आडोशाला असतील तर त्यांचा एकही हात दिसत नाही. समोरच्या कोनातून दोघं दिसतात. करून बघा.

तिसरी_घंटा

विंगेत असतील तर कुठूनच दिसणार नाहीत. हल्ली बऱ्याच प्रयोगांत विंगेत बसवतात.

पायपेटी_प्रेमी

तो हल्लीचा दोष, माझा नाही.

गोदातीरी

माइकआधीच्या काळावरून आठवलं. बालगंधर्वांच्या कंपनीत अहमदजान थिरकवाँसाहेब तबल्याला होते. लोक गंधर्वांना बघायला जेवढे जात तेवढेच थिरकवाँसाहेबांना ऐकायला. 1911 चं 'मानापमान' असो की 1916 चं 'स्वयंवर', माइक नावाची वस्तूच नव्हती. तरीही पदातला शब्द मागच्या बाकापर्यंत पोचायचा. गळा तसा तयार केलेला असायचा, श्रोतेही गप्प बसायचे. पुढची जागा मोठेपणाची होती. ऐकू येत नाही म्हणून पुढे बसायची गरज नव्हती.

नंदू_नाशिकरोड

श्रोते गप्प बसायचे? वन्समोअर वन्समोअर ओरडून रात्री दोन वाजवायचे म्हणतात.

गोदातीरी

पद संपल्यावर ओरडायचे. पदाच्या मध्ये वेफर्सचं पाकीट फोडत नव्हते.

ध्वनिवाला

पायपेटीकाकांचं एक पूर्ण मान्य. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत जिवंत साथीचा नाद जसा मिळतो तसा मागे मिळत नाही. डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग) तर नाहीच. खालच्या सपाट भागात आवाज खुर्च्यांच्या रांगांवरून घासत मागे जातो, तेव्हा साधारण 150 हर्ट्झच्या आजूबाजूचा खर्ज खाल्ला जातो. सभागृह बांधणाऱ्या लोकांना हे माहीत असतं. बाल्कनीत तो प्रकार बराच कमी, कारण आवाज तिथे वरून सरळ येतो. काकूंचं बाल्कनीप्रेम अगदीच हवेतलं नाही.

पण एक अट. बाल्कनीत, आणि बाल्कनीच्या पुढच्या रांगांत. बाल्कनीच्या खाली, मागे कोपऱ्यात नको. वरचं छत जेवढं खोल आत जातं, तेवढी तिथली गुहा होते. बाल्कनीच्या पुढच्या कडेखालची उंची कमी आणि आतली खोली जास्त असेल तर छतावरून परतणारा आवाज तिथे पोचतच नाही. गाणं ऐकू येतं, पण कुणी शेजारच्या खोलीत गातंय असं.

मंजिरी_शरणपूर

अरे वा, एवढी माहिती! पण आईला बाल्कनीच्या पायऱ्या जमणार नाहीत. लिफ्टचं काय?

विहितगावकर

ताई, तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारा. ज्येष्ठांसाठी सोय असते, पण ती कोणत्या दारापर्यंत आहे ते खिडकीवरच कळतं. आणि आईला कडेची सीट घ्या, मधल्या वाटेच्या कडेची. मध्यंतरात उठायचं, पाय मोकळे करायचे. मधोमध बसलं की अख्ख्या रांगेची माफी मागत बाहेर यावं लागतं.

पार्किंगचं म्हणाल तर शालिमारच्या भागात रविवारी संध्याकाळी गाडी लावणं हे स्वतंत्र नाटक आहे. भालेकर मैदानाकडे आधी बघा. रिक्षा बरी.

मेघमल्हार

कडेची सीट आणि मधला पट्टा दोन्ही कसं जमणार? ध्वनिवाले म्हणतात मधे, विहितगावकर म्हणतात कडेला.

ध्वनिवाला

मधली वाट असलेल्या सभागृहात वाटेच्या बाजूच्या दोन खुर्च्या. कडेचा अर्थ भिंतीकडची कड नव्हे. मधल्या वाटेला लागून असलेली. आईला ती, तिच्या शेजारी नात, मग इतर.

हळदीचं_दूध

लेकीबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या मुलाला मी घेऊन जाते (आता नववीत आहे). लहान मुलाला पुढे नेलं तर मान वर करून कंटाळतं, मागे नेलं तर समोरचं डोकं. रंगमंच साधारण बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीचा असतो, त्यामुळे पहिल्या रांगेत मुलांना नटाचे पायच जास्त दिसतात. मी काय करते, रांग निवडताना आधी वाटेचा विचार करते. मुलाला वाटेच्या कडेला बसवलं की समोर डोकं नसतं, तिरकं दिसतं. सोबत एक घडीची चादर. खाली घातली की चार इंच उंची वाढते. आणि आठ वर्षांच्या मुलीला आधी घरी गोष्ट सांगा. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरतंय, तिला अर्जुन हवाय, कृष्ण डाव टाकतोय. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो, हे कळलं की पोरगं कान टवकारतं. नाहीतर तिसऱ्या पदाला 'आई कधी संपणार' सुरू.

तिसरी_घंटा

मोठ्यांनाही सांगा गोष्ट. माझा मेहुणा अर्धं नाटक विचारत होता 'हा बुवा कोण'.

गोदातीरी

'सौभद्र' पहिल्यांदा झालं 1882 ला, अण्णासाहेब किर्लोस्करांनी. म्हणजे तुमच्या मुलीला तिच्या खापरपणजीचं नाटक दाखवताय. 'नभ मेघांनी आक्रमिले' आणि 'पांडुनृपति जनक जया' आधी ऐकवून न्या, ओळखीचं पद आलं की मुलं खूश होतात.

आणि हो, नाशिककर म्हणून सांगतो. 'मत्स्यगंधा' 1964 चं, लिहिणारे वसंत कानेटकर इथलेच, एचपीटी कॉलेजात शिकवायचे. 1966 चं 'ययाति आणि देवयानी' तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं. दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं. संगीत नाटक हे फक्त पुण्याचं म्हणणाऱ्यांना हे ऐकवत जा.

नंदू_नाशिकरोड

झालं, आता पुणे-नाशिक सुरू. धागा दोनशेवर जाणार.

रविवार_कारंजा

पुण्याचे लोक येऊन सीटची रांग नाही, सीटचा हक्क सांगतील.

मॉडरेटर_काका

पुणे-नाशिक दुसऱ्या धाग्यावर. इथे सीट.

लंडनमधला_सिडकोकर

इकडचा अनुभव टाकतो. मी सिडकोतला, सध्या लंडनमध्ये. इथे म्युझिकल्सची फार चलती. थिएटरला खाली स्टॉल्स, त्यावर ड्रेस सर्कल, त्यावर अप्पर सर्कल, कधी त्यावरही बाल्कनी. जाणकार स्टॉल्सच्या पुढच्या रांगांपेक्षा ड्रेस सर्कलच्या पहिल्या दोन रांगा मागतात. नाचाची मांडणी, जमिनीवर आखलेले प्रकाशाचे आकार, मोठ्या समूहांच्या हालचाली वरून कळतात. खालून सगळे एका रेषेत दिसतात. पिटमध्ये (रंगमंचापुढच्या खड्ड्यात) अख्खा वाद्यवृंद असल्याने पहिल्या रांगेत कधी ड्रमच जास्त ऐकू येतो.

तिकिटं स्वस्तात मिळवायची असतील तर लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएसची खिडकी आहे, न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये 1973 पासून. आणि 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलेली सीट घेताना खांब कुठे आहे ते बघून घ्यायचं, बऱ्याच जुन्या थिएटरात खांब मध्येच येतो.

आपल्याकडे समूह छोटा. पण बॅलेसारखी दृश्यं असलेल्या नव्या संगीत नाटकांना हाच नियम चालेल. नाच जास्त तर वर, गाणं जास्त तर खाली.

मेघमल्हार

हे एकदम पटलं. 'सौभद्र'मध्ये नाच फार नाही, गाणं ढीगभर. म्हणजे खाली.

नंदू_नाशिकरोड

लंडन कशाला, मुंबईत बीकेसी आहे की! 2023 ला तिथे नवं सांस्कृतिक केंद्र झालं, मोठं थिएटर दोन हजार सीटचं. परदेशी म्युझिकल्स येतात. बहिणीबरोबर गेलो होतो. वरच्या बाजूच्या सीटवरून अख्खा नेपथ्याचा खेळ दिसला. परतीचा ताप मात्र विचारू नका. प्रयोग दहा-साडेदहाला सुटतो आणि पंचवटी एक्स्प्रेस तर संध्याकाळीच निघून गेलेली. शेवटी मोटारीने आलो, कसारा घाटात झोप अनावर.

विहितगावकर

मॅटिनी बघ की. दुपारचा खेळ असेल तर रात्री घरी.

नंदू_नाशिकरोड

मॅटिनीला तिकीट मिळेना, सगळे ठाणेकर आधी बसलेले.

श्रवण_सुगंध

बाबांच्या श्रवणयंत्राबद्दल लिहितो, माझेही वडील दोन्ही यंत्रं घालतात आणि मी या विषयात थोडंफार काम करतो.

यंत्र मोठा आवाज दाबतं आणि बारीक उचलतं. ते बोलण्यासाठी सोयीचं, गाण्यासाठी अडचणीचं. तान वर गेली की यंत्र ती कापतं, पायपेटीचा सूर हेलकावे खातोय असं वाटतं. म्हणून प्रयोगाआधी ज्यांनी यंत्र बसवलं त्यांच्याकडे जाऊन संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्या, बहुतेक यंत्रांत ती सोय असते, फक्त विचारावी लागते. घरी पेटीवर किंवा मोबाइलवर पद लावून त्यात बसतंय का बघा.

सीट: स्पीकरच्या तोंडासमोर अजिबात नको. स्पीकर जवळ असेल तर यंत्र आवाज दाबतच राहतं आणि शब्द चिरडले जातात. तिसरी-चौथी रांग मधोमध त्यांना उत्तम, कारण कच्चा आवाज मिळतो आणि ओठही दिसतात. ओठ दिसणं हा मोठा आधार असतो, हे ऐकू येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

मंजिरी_शरणपूर

म्हणजे बाबांना तिसरी-चौथी, आईला मधल्या वाटेची कडेची, लेकीला समोर डोकं नसलेली. तिघांना तीन जागा घ्यायला लागणार असं दिसतंय. नवऱ्याचा पहिल्या रांगेचा हट्ट तर आहेच.

रविवार_कारंजा

नवऱ्याला पहिली रांग द्या, एकट्याला. निमंत्रितांच्या शेजारी.

पायपेटी_प्रेमी

चौथी रांग मधल्या वाटेला लागून. चौघांची गरज भागते. माझं हेच म्हणणं होतं आधीपासून.

मेघमल्हार

तुमचं म्हणणं दुसरी-तिसरी होतं.

पायपेटी_प्रेमी

एक रांग सरकली तर चालायचंच. सुरावर आघात होतो, मुद्द्यावर नाही.

ध्वनिवाला

चौथीवर माझा फार आक्षेप नाही, पण एक लक्षात ठेवा. पाचवी-सहावीत माइक आणि खरा गळा एकत्र येतात. चौथीत खरा गळा वरचढ. 'सौभद्र' जिवंत साथीवर असेल तर चौथी. ट्रॅकवर असेल तर आठवी. म्हणून खिडकीवर जाऊन विचारा, संस्थेचं नाव कळलं की प्रयोग कसा असतो ते कुणीतरी सांगेल.

आणि रिकामं सभागृह भरलेल्यापेक्षा जास्त घुमतं. माणसं आवाज पितात. हॉल निम्मा रिकामा असेल तर तिसरी घंटा झाल्यावर दोन रांगा पुढे सरका, कोणी काही म्हणणार नाही. पण स्वतःच्या नंबरवर कुणी येऊन उभं राहिलं तर हसत उठा.

तिसरी_घंटा

ध्वनिवाले, मागे बसणाऱ्याला आवाज उशिरा ऐकू येतो का हो? माझा भाऊ पैज लावतोय.

ध्वनिवाला

हो, पण कळत नाही. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. वीस मीटरवर बसलात तर सुमारे 0.06 सेकंद उशीर. ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटण्याइतकं नाही. पैज भावाने जिंकली.

रविवार_कारंजा

म्हणजे शेवटच्या रांगेतला वन्समोअरही तेवढाच उशिरा पोचतो. म्हणूनच नट दाद देत नाहीत.

हळदीचं_दूध

एका नाट्यगृहात आम्ही असे गारठलो होतो की सुभद्रेच्या आधी आम्ही रडलो. एसीच्या झोतासमोर सीट होती आणि ते बदलून देईनात. तेव्हापासून शाल न्यायची आणि छताकडे बघून बसायचं. आईंना तर नक्की न्या.

गोदातीरी

अजून एक. खिडकीवर जायला मला आवडतं त्याचं कारण प्लॅन. कागदावर छापलेला आराखडा, त्यावर विकलेल्या जागांवर लाल पेन्सिलीची फुली. खिडकीतला माणूस ती फुली मारायच्या आधी पेन्सिल हवेत थांबवून विचारतो, 'ही घेऊ ना? समोर खांब नाही, पण दार आहे, लोक ये-जा करतात.' असं ॲपवरची हिरवी चौकट सांगत नाही.

नंदू_नाशिकरोड

ॲपवर तर डावं-उजवंच कळत नाही. स्टेज वर काढलेला असतो की खाली ते आधी बघा. माझ्या मित्राने डावीकडचं म्हणून उजवीकडचं घेतलं आणि रात्रभर खांद्यावरून बघत बसला.

विहितगावकर

काकांच्या काळात असं सांगणारा माणूस होता खरा. आता तो निवृत्त झाला असेल.

गोदातीरी

कुठेतरी अजून आहे. साध्या हौशी संस्थांच्या प्रयोगांना जा, सायखेडकर नाट्यगृहात. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना तिकीट कमी, आणि सभागृह छोटं असल्याने कुठेही बसा, चेहराही दिसतो आणि शब्दही येतात. मोठ्या सभागृहात ज्याला जागेची चिंता करावी लागते, त्याने तिथे शिकावं. काय ऐकू येतं आणि काय नाही, हे तिथे नीट कळतं.

मेघमल्हार

हे बरं सांगितलंत. कानाला आधी वळण लावलं की जागा निवडणं सोपं.

पायपेटी_प्रेमी

कानाला वळण लावायला गुरू लागतो, सीट नाही.

मॉडरेटर_काका

पायपेटीकाका, तुम्ही तीन दिवसांपासून चौथ्या रांगेत बसलेलेच आहात असं वाटतंय.

मंजिरी_शरणपूर

ऐका, अपडेट. खिडकीवर गेले होते. कळलं की साथ जिवंत आहे, तबला आणि पायपेटी पुढेच बसणार, विंगेत नाही. (पायपेटीकाका, तुमच्यासाठी विचारलं होतं.) चौथी रांग मधल्या वाटेच्या उजव्या हाताला तीन, आणि पाचवीत बरोबर मागे दोन मिळाल्या. आई आणि लेक कडेला, बाबा मधे. मी आणि नवरा मागच्या रांगेत. तो फुगून बसलाय, म्हणतो पहिली रांग तर सगळी रिकामी दिसत होती. मी म्हटलं, निमंत्रित येतील. साथीदार डावीकडे बसतात की उजवीकडे हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

पायपेटी_प्रेमी

छान! साथीदार डावीकडे बसले तर उजवीकडच्या तुम्ही नशीबवान. उजवीकडे बसले तर मध्यंतरात पलीकडे सरका.

तिसरी_घंटा

बाबांच्या यंत्राचं विसरू नका ताई. आधी प्रोग्रॅम टाकून घ्या, नाहीतर चौथ्या रांगेचा काय उपयोग.

श्रवण_सुगंध

आणि नव्या सेल घालून न्या. ऐन पदात सेल संपायला आली की यंत्र कानात टिंगटिंग सूचना देत राहतं.

विहितगावकर

माझ्याकडे त्याच प्रयोगाची एक तिकीट जास्त आहे. सहावी रांग, डावीकडचा पट्टा. बायकोची बदलापूरची बहीण येणार नाही म्हणतेय. छापील किमतीत देतो, कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रविवार_कारंजा

मिक्सरच्या पुढे आहे का? नाहीतर ध्वनिवाल्यांनी नापास केलेली सीट मी घेणार नाही.

विहितगावकर

मिक्सरच्या पुढे आहे, वाटेच्या कडेची आहे आणि समोर दार नाही. अजून काय लिहून देऊ, जामीन?

नंदू_नाशिकरोड

मी घेतो. व्यनि केला बघा.